शेजारची सीट

१. थर्मास आपटला

गाडीतून टायर जातात, रेडिओ जातो, कधीकधी अख्खी गाडी जाते. पण चालकाच्या शेजारची सीट, आणि तीही एकटीच, चोरीला जाऊ शकते हे मला त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं.

आत्याने गॅरेजमध्ये ठमीचा दरवाजा उघडला, सवयीने न बघताच थर्मास शेजारच्या सीटवर टाकला आणि तो धाडकन पत्र्यावर आपटला. आत्या वाकून बघत राहिली. मीही तिच्या खांद्यावरून डोकावले. सीटच्या जागी रिकामा चौकोन होता आणि त्यात आमचा थर्मास गडगडत होता.

"बये," आत्या मला म्हणाली, "माझे डोळे गेलेत की सीट गेलीय?"

ठमी म्हणजे आत्याची गाडी. पोपटी रंग, फुगरे गाल, आणि वय विचारायची सोय नाही, कारण ती आत्याच्या लग्नाच्याही आधीची. दुसऱ्या दिवशी सकाळी ही ठमी तीन खंडांच्या प्रवासाला निघायची होती. आत्याची सगळी नोकरी 'पायांच्या घरा'त झाली. तिथे मुलांसाठी कृत्रिम पाय बनतात. मुलं वाढतात, पाय वाढत नाहीत, म्हणून नवे करत राहावे लागतात. त्या पायांवर चालायला शिकवायचं काम आत्याचं. ते घर आता पैशांअभावी बंद पडायला आलं होतं, म्हणून सत्तरी ओलांडलेल्या या बाईने जाहीर केलं की मी ठमीतून तीन खंड पालथे घालते, लोकांनी घराला मदत करावी. लोकांनी मदतीचा भरभरून शब्द दिला. तो शब्द गोळा करायचं काम भाची म्हणून माझ्या गळ्यात पडलं आणि मी ते फार खुशीत करत होते.

पण एक अट होती. जुन्या गाड्यांच्या मंडळाचा तपासनीस सकाळी येणार होता. गाडी मूळ भागांसह पूर्ण दिसली तरच तो निशाण दाखवणार. निशाण नाही तर बोटीत जागा नाही, आणि गाडी निघालीच नाही तर दिलेले शब्दही गेले.

"पोलिसांत जाऊ या," मी म्हणाले.

"आणि पंचनाम्यासाठी ठमी तिथेच अडकून पडू दे?" आत्याने पदर खोचला. "पोलीस नकोत. विमेबाईंना बोलाव."

२. काय राहिलं?

विमेबाई आमच्या शेजारी राहतात. उभी हयात त्यांनी विमा कंपनीसाठी ठोकलेल्या, जळलेल्या आणि 'चोरीला गेलेल्या' गाड्या तपासण्यात घालवली. गाडीवरचा ओरखडा बघून त्या मालकाचा स्वभाव सांगतात. त्यांच्याशी खोटं बोलायला गेलं की समोरच्याची त-त-प-प होते, हे मी लहानपणी फुटलेल्या खिडकीच्या निमित्ताने अनुभवलं आहे.

त्या आल्या, गुडघ्यावर हात ठेवून ठमीत शिरल्या आणि आतूनच म्हणाल्या, "काय गेलं ते मला सांगू नका. काय राहिलं ते सांगा."

सांगायला नटबोल्ट पुढे झाला. हा आमचा मेकॅनिक. गॅरेज त्याचंच, आणि ठमीचा एकेक स्क्रू त्याच्या हातून गेलेला. सुट्या भागांची व्हॅन घेऊन तोच आत्याच्या मागे तिन्ही खंडांत जाणार होता.

"सगळंच राहिलंय हो," तो म्हणाला. "घड्याळ राहिलं, भोंगा राहिला. नाकावरचा चांदीचा पक्षीसुद्धा राहिला. त्याच्यासाठी लोक जीव टाकतात."

"आणि सीटचे बोल्ट?"

नटबोल्टने वाकून बघितलं आणि तो डोकं खाजवत उभा राहिला. चारही बोल्ट आपापल्या भोकात होते. कुणीतरी ते काढले, सीट उचलली आणि बोल्ट पुन्हा जागच्या जागी फिरवून ठेवले.

"चोर बोल्ट फेकून देतो," विमेबाई बाहेर येत म्हणाल्या. "ह्याने ते हरवू नयेत म्हणून काळजी घेतलीय. म्हणजे ती सीट पुन्हा इथे बसावी असं त्याला वाटतं. आज नाही तर कधीतरी. आता दुसरं. गाडी अडवायची असती तर त्याने काय नेलं असतं?"

"एखादी वायर," नटबोल्ट लगेच म्हणाला. "खिशात मावते. सीट उचलताना कंबर धरते."

"बरोबर. ह्याला गाडी अडवायची नव्हती. मग ह्याला नक्की हवं काय होतं?" त्यांनी हात झटकले. "गॅरेजची किल्ली कुणाकुणाकडे असते?"

एक नटबोल्टकडे. एक आत्याच्या घरी, दारामागच्या खिळ्याला. तिसरी शौकिनांकडे, कारण त्यांच्याही दोन जुन्या गाड्या तिथेच उभ्या असतात. शौकीन म्हणजे पलीकडच्या गल्लीतले गृहस्थ. कापडाच्या धंद्यात बक्कळ कमावतात आणि जुन्या गाड्यांत उधळतात. ठमीला मागणी घालून त्यांनी आत्याचा उंबरठा झिजवला होता.

त्यांचं नाव निघताच नटबोल्ट घसा खाकरायला लागला. इकडेतिकडे बघून तो म्हणाला, "बोलणार नव्हतो. पण काल मी माझ्या कानांनी ऐकलंय."

३. पत्र्यापलीकडचं बोलणं

आदल्या दुपारी नटबोल्ट ठमीखाली आडवा पडला होता. पत्र्याच्या आडभिंतीपलीकडे, त्याच्या ऑफिसात, कुणीतरी हलक्या आवाजात फोनवर बोलत होतं.

"कोण?" विमेबाईंनी विचारलं.

"कुजबूज होती. कुजबुजताना सगळे सारखेच वाटतात. पण शब्द पक्के ऐकले. 'हीच गाडी लागते मला. दुसरी कुठलीच नाही लागत. काहीतरी करायलाच हवं. आणि हे तिला कळता कामा नये.' मी खालून सरपटत बाहेर येईपर्यंत माणूस गायब. आणि दारातून शौकीन आत येत होते, हातात मोजपट्टी! ती घेऊन ते थेट सीटपाशी गेले."

झालं! माझ्या लेखी खटला तिथेच निकालात निघाला. मी शौकिनांना फोन करून बोलावलं आणि ते येईपर्यंत मनात त्यांना बेड्यासुद्धा घातल्या.

शौकीन आले तेव्हा रेशमी रुमालाने मान पुसत होते. विमेबाईंनी सरळ विचारलं, "मोजपट्टी कशाला हवी होती?"

त्यांचा चेहरा लाल झाला. "ते गुपित होतं."

"आता नाही राहिलं."

"अहो, गादी शिवतोय मी! दोन्ही सीटसाठी. इतक्या लांबच्या प्रवासात पाठीचं काय होईल? निघताना द्यायची होती." ते माझ्याकडे वळले. "तू अशी काय बघतेस? चोर वाटलो मी तुला?"

मी थर्मासकडे बघितलं.

"पण ठमी तुम्हाला पाहिजे," नटबोल्ट हटून बसला.

"पाहिजेच! हवीच आहे मला ती, चारचौघांत सांगतो. दर महिन्याला सांगतो. त्यात कुजबुजायचं काय? आणि नुसती सीट नेऊन मी काय करू, हॉलमध्ये बसून भोंगा वाजवू?"

मला तर शरमच वाटली, कारण गादीचं कापड त्यांच्या पिशवीतून डोकावत होतं, ठमीच्या रंगाचं. विमेबाईंचं मात्र आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्या ओठातल्या ओठात ते फोनवरचं वाक्य घोळवत होत्या. एकदा, दोनदा. मग त्यांना एकदम खुदकन हसू आलं.

"नटबोल्ट, शब्द नक्की हेच होते? 'लागते'? 'हवी' नाही, 'पाहिजे' नाही?"

"'लागते'. शपथेवर."

"चला," त्या मला म्हणाल्या, "तुझ्या आतोबांना भेटू या."

४. आग्नेयेचं कपाट

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, नकाशे काढायच्या कचेरीतून निवृत्त झालेले. माणूस लाख मोलाचा, पण घरातसुद्धा दिशांशिवाय बोलणार नाही. "मीठ नैऋत्येला आहे," असं म्हणतात आणि आत्या न वळता बरोबर मीठ उचलते. पूर्वी ठमी तेच चालवत. पाहुण्यांकडे, डोंगरावर, समुद्रावर, सगळीकडे आतोबांच्या हाती स्टिअरिंगचं चक्र आणि शेजारी आत्या. मग त्यांची नजर अधू झाली, परवाना गेला, तेव्हा आत्याने चक्र हातात घेतलं. ह्या प्रवासात आत्या चालवणार होती आणि आतोबा शेजारी बसून नकाशावरून रस्ता सांगणार होते. "इतकी वर्षं तुम्ही मला फिरवलंत," आत्या म्हणाली होती, "आता माझ्या शेजारी बसा. मी तुम्हाला जग दाखवते." हे सांगताना ती लाजली होती. सत्तरीत! मी बघितलंय.

त्यांच्या खोलीत जिथे बघावं तिथे नकाशांची भेंडोळी. ते खिडकीशी उभे होते, चेहरा उतरलेला.

"बसा, बसा," ते गडबडीने म्हणाले आणि विमेबाईंसाठी खुर्ची शोधायला लागले. सगळ्या खुर्च्यांवर नकाशे होते. एका कोपऱ्यात चादर टाकलेली बैठक तेवढी मोकळी होती. विमेबाई तिकडे वळताच आतोबा ओरडले, "ती नको! वायव्येची घ्या!" पण तोवर त्या बसल्या होत्या. बसल्या कसल्या, खालीच गेल्या. गुडघे हनुवटीपाशी आले. मला हसू दाबता येईना.

"छान आहे, मऊ आहे," विमेबाई तशाच अवस्थेत म्हणाल्या. "तुम्ही आत्याबरोबर ठमीतून सरावाच्या फेऱ्यांना जात होता ना? कशा झाल्या?"

"उत्तम."

"परत येताना मात्र तुम्ही व्हॅनमधून यायचात, असं ऐकलं."

"नटबोल्टला रस्ता समजावून सांगायला."

"दर वेळी?"

"त्याला दिशांचं ज्ञान कमी आहे," आतोबा म्हणाले आणि उगाच एक नकाशा उलगडायला लागले. तो उलटा होता. नकाशा उलटा धरलेले आतोबा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. ते आजारी तर नाहीत?

"ह्या कपाटात काय असतं?" विमेबाईंनी हात लांब केला.

"आग्नेयेच्या? काही नाही. आलेपाकाच्या वड्या."

कपाटात खरंच आलेपाक होता. बरण्याच बरण्या. त्यामागे लिंबांची टोपली. विमेबाईंनी दोन्हींकडे प्रेमाने बघितलं, मग मला हात पुढे करून म्हणाल्या, "मला उठव. आणि सगळ्यांना चहाला बोलव. सीट सापडली."

मी खोलीभर बघितलं. मला एकही सीट दिसली नाही.

५. 'लागते' आणि 'हवी'

चहाला आम्ही सगळे आत्याच्या हॉलमध्ये जमलो. आत्या दाराशी उभी, तिला बसवेना. गॅरेजमधून आणलेली ठमी बाहेर उभी होती, आणि एका बाजूला बोळकं झालेल्या तोंडासारखी दिसत होती.

"मी दोनच गोष्टी सांगते," विमेबाईंनी बशीत चहा ओतला. "पहिली. शेजारची सीट नसली तरी गाडी चालते. मग अडतं कुणाचं? शेजारी बसणाऱ्याचं. त्याला काय करावं लागेल? मागची सीट तर सुट्या चाकांनी भरलीय. तो व्हॅनमध्ये जाईल. म्हणजे चोराला ना गाडी अडवायची होती, ना प्रवास. त्याला फक्त शेजारची जागा नको होती. तपासनिसाच्या अटीत सीटही मोजली जाते, हे त्याला आज सकाळी कळलं असावं."

आतोबांनी मान खाली घातली. आत्याचं अजून लक्ष नव्हतं, ती विमेबाईंकडेच बघत होती.

"दुसरी गोष्ट फोनची. नटबोल्टने ऐकलं 'हीच गाडी लागते मला', आणि तुम्ही सगळे शौकिनांच्या मागे लागलात. का? 'लागते' म्हणजे गरज, असं धरलंत. पण ज्याच्याकडे गाडी नाही, तो म्हणतो 'हवी', 'पाहिजे'. शौकिनांनी आपल्यासमोर काय म्हटलं? 'हवीच आहे.' 'लागते' म्हणणाऱ्याला त्या गाडीचा अनुभव असतो, बसला की होतो तो. 'दुसरी कुठलीच नाही लागत.' अहो, गाडी लागते म्हणजे पोटात ढवळतं! बसमध्ये नाही, आगगाडीत नाही, ठमीतच. तिचा तो पेट्रोलचा वास, ते डुलणं, आणि वर मांडीवर नकाशा घेऊन वाचायचं."

नटबोल्टने कपाळावर हात मारला. "म्हणून ते रस्त्यात उतरायचे! मला म्हणायचे, झाडं बघतोय!"

"पण आतोबांना कधीच गाडी लागली नाही," मी म्हणाले. "जन्मभर चालवली त्यांनी."

"चालवणाऱ्याला लागत नाही, बये. शेजारी बसणाऱ्याला लागते. जन्मात पहिल्यांदा ते शेजारी बसले." विमेबाई हसल्या. "आणि सीट त्यांच्या खोलीत, चादरीखाली आहे. मी तिच्यावर बसून त्यांची चौकशी केली. एवढ्या बुटक्या खुर्च्या फक्त गाडीतच असतात."

सगळे आतोबांकडे वळले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मी औषधवाल्याला फोन करत होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "त्याच्या गोळ्या घेतल्या की झोप येते. नकाशा कोण बघणार? पहाटे सगळे झोपेत असताना सीट काढली. आज परत नेऊन ठेवणार होतो, पण सकाळपासून गॅरेजमध्ये जत्रा." ते आत्याकडे बघेनात. "अगं, तू इतक्या आनंदाने म्हणालीस, माझ्या शेजारी बसा. तुला कसं सांगू, की तुझ्या शेजारी बसलं की मला उलटी होते?"

आत्याचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं, आता ही रडणार. ती हळूच खाली बसली, पदर तोंडाला लावला, आणि तिचे खांदे गदगदा हलायला लागले.

आतोबा धावले. "अगं, नको ना. मी येतो, तसाच येतो, पिशवी घेऊन बसतो."

आत्याने पदर काढला. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला श्वास घेता येत नव्हता.

"अहो," ती कशीबशी म्हणाली, "मलाही लागायची!"

"काय?"

"ठमी! पहिल्या दिवसापासून! लग्नानंतर तुम्ही मला डोंगरावर नेलंत, आठवतं? मी कठड्याशी किती वेळ उभी होते? तुम्हाला वाटलं मी दरी बघतेय!" ती पुन्हा हसायला लागली. "तुम्ही इतक्या हौसेने चालवायचात. वळणावर माझ्याकडे बघून हसायचात. मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? प्रत्येक सहलीत डोळे मिटून बसायचे आणि तुम्ही म्हणायचात, हिला गाडीत किती छान झोप लागते!"

आतोबा आ वासून बघत राहिले. "इतकी वर्षं?"

"तुमची नजर अधू झाली तेव्हा मला फार वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण मी चक्र हातात घेतलं आणि पहिल्यांदा ठमीतून बाहेरचा डोंगर बघितला. काय सुंदर असतो हो तो डोंगर!"

मग आतोबाही हसायला लागले. ते आत्याच्या शेजारी जमिनीवरच बसले आणि दोघंजण एकमेकांचे हात धरून असे हसत सुटले की शौकिनांनी आपला रेशमी रुमाल काढून डोळे पुसले. मी तर सरळ रडले. मला त्याची लाज नाही.

६. निशाण

तपासनीस दुसऱ्या सकाळी आला तेव्हा शेजारची सीट जागेवर होती. नटबोल्टने स्वतः बोल्ट आवळले होते आणि वर शौकिनांची नवी गादी ठेवली होती. तपासनिसाने आत डोकावून मान डोलावली आणि विचारलं, "इथे कोण बसणार?"

"भाड्याने दिलीय," आत्या म्हणाली. "वाटेत जो पायांच्या घराला मदत करेल, तो पुढच्या मुक्कामापर्यंत माझ्या शेजारी. तिन्ही खंडांत हाच नियम. बये, लिहून घे आणि सगळीकडे कळव."

मी कळवण्याआधीच शौकिनांनी दार उघडून बसकण मारली. पहिल्या टप्प्याची मदत त्यांनी किती दिली ते मी सांगणार नाही, पण आकडा ऐकून पायांच्या घरातल्या थोरल्या बाईंना पाणी द्यावं लागलं. बिचाऱ्यांना ठमी हवी होती, आणि ठमी त्यांच्या वाट्याला आली, ती अशी.

आतोबा व्हॅनमध्ये नटबोल्टच्या शेजारी बसले, उंच जागी, वारा खात, मांडीवर नकाशा सुलटा. रस्ता कसा सांगणार, ह्याची युक्ती त्यांनीच काढली होती. डावीकडे वळायचं असेल तर हॉर्न एकदा, उजवीकडे असेल तर दोनदा.

"आणि सरळ असेल तर?" आत्याने खिडकीतून ओरडून विचारलं.

"तर गप्प बसेन!"

"जमेल तुम्हाला?"

निशाण हललं. पायांच्या घरातली सगळी मुलं रस्त्याच्या कडेला उभी होती, काही आपल्या पायांवर, काही आत्याने चालायला शिकवलेल्या पायांवर, आणि सगळीच उड्या मारत होती. ठमीने एक झटका घेतला, धूर सोडला आणि ती डुलत निघाली. मागोमाग व्हॅन.

आम्ही कोपऱ्यापर्यंत धावत गेलो. चौक आला. व्हॅनचा हॉर्न एकदाच वाजला, चांगला मोठ्याने. डावीकडे.

ठमीच्या खिडकीतून आत्याचा हात बाहेर आला आणि तिने ऐटीत उजवीकडे वळण घेतलं. मागून हॉर्न पुन्हा वाजला, एकदा, मग आणखी एकदा, मग नुसताच वाजत राहिला. चौकातले लोक थांबून बघायला लागले. व्हॅन क्षणभर तिथेच उभी राहिली.

मग तिने उजवीकडचा दिवा लावला आणि निमूट ठमीच्या मागे गेली.